सुई हलली म्हणजे खोटं बोलला?

[दृश्य: दंडाभोवती आवळला जाणारा पट्टा]

दंडाला रक्तदाबाचा पट्टा. छाती आणि पोटाभोवती श्वास टिपणाऱ्या नळ्या. बोटांना घामाचा अंदाज घेणाऱ्या दोन पट्ट्या. समोरून प्रश्न येतो, "पैसे तुम्ही घेतलेत?" तुम्ही म्हणता, "नाही." आणि स्क्रीनवरची रेषा उसळते.

ती का उसळली, हे खोटं पकडणाऱ्या या यंत्राला, म्हणजे पॉलिग्राफला, ठाऊक नसतं. चोरी केली म्हणून छाती धडधडली, की चोरीचा आळ आला म्हणून? घाम दोन्ही वेळा सारखाच फुटतो. खोटं बोलतानाच उमटेल आणि एरवी कधीच उमटणार नाही, अशी शरीराची खूण आजवर कुणालाही सापडलेली नाही.

[दृश्य: जुनं पॉलिग्राफ यंत्र, कागदावर सरकणाऱ्या सुया]

1921 मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहराच्या पोलीस दलात जॉन लार्सन यांनी हे यंत्र बनवलं. हेतू भला होता. संशयिताला बडवून कबुली घेण्याऐवजी विज्ञानाची मदत घ्यावी, असा. दोनच वर्षांनी, 1923 मध्ये, अशाच रक्तदाब चाचणीचा निष्कर्ष वॉशिंग्टनमधल्या अपील न्यायालयापुढे आला आणि न्यायालयाने तो नाकारला. शास्त्रज्ञांनी ही पद्धत अजून मान्य केलेली नाही, एवढं कारण पुरेसं होतं. लार्सन स्वतःही पुढे आपल्याच यंत्राचे टीकाकार झाले.

मग हे यंत्र टिकलं कसं? त्यासाठी चाचणीच्या खोलीत जायला हवं.

[दृश्य: टेबलावर उलटे ठेवलेले पत्ते]

खरे प्रश्न सुरू होण्याआधी बऱ्याचदा एक खेळ होतो. एक पत्ता उचला, मनात ठेवा, आणि प्रत्येक पत्त्याला "नाही" म्हणा. थोड्या वेळाने तपासनीस तुमचा पत्ता अचूक ओळखतो. यंत्रापुढे काही लपत नाही, हे मनावर ठसवायचं असतं. हा खेळ पाठीवर गुपचूप खूण केलेल्या पत्त्यांनीही खेळला गेला आहे. खोटं पकडण्याची सुरुवातच अशी!

पुढचे प्रश्नही सरळ नसतात. "आयुष्यात कधी कुणाचा विश्वासघात केलाय?" असं विचारलं जातं. अपेक्षा अशी, की तुम्ही कचरत "नाही" म्हणाल. निर्दोष माणूस या प्रश्नाला जास्त घाबरेल आणि गुन्हेगार मूळ गुन्ह्याच्या प्रश्नाला, हे या पद्धतीचं गृहीतक. पण खुनाचा आळ डोक्यावर असलेला निर्दोष माणूस खुनाच्याच प्रश्नाला का घाबरणार नाही?

1978 मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यात नेमकं हेच घडलं. न केलेल्या खुनासाठी एका तरुणाला जन्मठेप झाली, कारण तो पॉलिग्राफमध्ये नापास ठरला होता. खरे गुन्हेगार सापडल्यावर 1980 मध्ये तो सुटला. मधल्या काळात त्याने तुरुंगातच या चाचणीचा अभ्यास केला. आपण दोषी आहोत असं त्याच्याजवळ कबूल केलेल्या 27 कैद्यांना त्याने जेमतेम वीस मिनिटं शिकवलं. त्यांतले 23 जण चाचणीत पास झाले.

[दृश्य: सीआयएचं मुख्यालय]

सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेचा अधिकारी ऑल्ड्रिच एम्स 1985 पासून सोव्हिएत संघाला गुपितं विकत होता. 1986 आणि 1991, दोन्ही चाचण्यांतून तो सहीसलामत बाहेर पडला. सोव्हिएत हस्तकांना त्याने युक्ती विचारली होती. उत्तर मिळालं : रात्री नीट झोप, तपासनिसाशी गोडीने वाग, शांत राहा. बस्स. एम्स पकडला गेला 1994 मध्ये.

अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने 2003 च्या अहवालात एक हिशेब मांडला. समजा 10,000 कर्मचाऱ्यांत 10 हेर आहेत. त्यांतले 8 सापडावेत इतकी चाचणी कडक ठेवली, तर जवळपास 1,600 निरपराध माणसंही संशयित ठरतात. निरपराधांना वाचवायला ती सैल करा, तर 10 पैकी 8 हेर निवांत सुटतात.

राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांचं 1971 मधलं ध्वनिमुद्रण अधिक प्रामाणिक वाटतं. ही यंत्रं किती अचूक आहेत मला माहीत नाही, पण लोकांची घाबरगुंडी उडवतात एवढं माहीत आहे, अशा अर्थाचं ते बोलले. यंत्राचा खरा उपयोग हाच. रेषा दाखवून "तुम्ही काहीतरी लपवताय" म्हटलं की कित्येक जण बोलू लागतात.

[दृश्य: अमेरिकी काँग्रेसची इमारत]

म्हणूनच कामगार संघटना आणि नागरी हक्कांच्या गटांनी बंदीची मागणी लावून धरली. दुकानं, बँका, गोदामं इथे नोकरीसाठी सर्रास ही चाचणी घेतली जाई. 1988 च्या कायद्याने बहुतेक खासगी मालकांना ती घ्यायला मनाई केली. सरकारने मात्र स्वतःला वगळलं. म्हणजे दुकानातल्या विक्रेत्यासाठी जी चाचणी बेभरवशाची, ती हेर निवडायला चालते! जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयाने 1998 मध्ये फौजदारी खटल्यांत तिला पुरावा म्हणून निरुपयोगी ठरवलं.

[दृश्य: भारताचं सर्वोच्च न्यायालय]

भारतात 5 मे 2010 रोजी सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सक्तीची पॉलिग्राफ, नार्को (औषध देऊन गुंगीत घेतलेली जबानी) आणि ब्रेन मॅपिंग (मेंदूच्या लहरी टिपणारी चाचणी) घटनाबाह्य ठरवली. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती कुणावरही करता येत नाही, हा राज्यघटनेच्या अनुच्छेद 20(3) चा आधार. आता आरोपीची संमती लागते, तीही न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवलेली. वकिलाचा सल्ला मिळायला हवा. आणि संमतीने घेतलेल्या चाचणीचा निष्कर्षही पुरावा म्हणून चालत नाही. त्यातून पुढे एखादी वस्तू किंवा माहिती हाती लागली, तरच ती न्यायालयात आणता येते.

कागदावर हे भक्कम आहे. पण कोठडीतल्या माणसाची संमती कितपत खुशीची असते? "लपवण्यासारखं काही नाही ना, मग बसा चाचणीला," या वाक्याला तो काय उत्तर देणार? नकार देणं हा त्याचा हक्क आहे. दुसऱ्या दिवशी मथळा मात्र येतो, 'आरोपीचा चाचणीस नकार', आणि वाचणाऱ्याने निकाल तेवढ्यावरच लावलेला असतो.