गच्चीचं कुलूप आणि छताची ओल

मंडळी, पत्रिकेत माझा विषय ‘सपाट गच्ची आणि तिची वर्षभराची निगा’ असा छापलाय. ते वेळापत्रक मी सांगणारच आहे. पण बांधकामाच्या साइटवर आयुष्य काढताना एक गोष्ट माझ्या मनात पक्की होत गेली, ती आधी सांगते. आपल्या गच्च्या गळायला लागल्या त्या जिन्याच्या वरच्या दाराला कुलूप लागलं तेव्हापासून.

इथे शेवटच्या मजल्यावर राहणारे किती जण आहेत? हात वर करा. बरेच आहेत. आता यंदाच्या उन्हाळ्यात गच्चीवर पाऊल टाकलंय अशांनीच हात वर ठेवा. पाहा, पुढच्या रांगेत दोन उरले, आणि त्यातल्या एक वहिनी म्हणतायत की त्या मोबाइलला रेंज मिळेना म्हणून गेल्या होत्या!

गच्ची या शब्दाकडे जरा बघा. त्यात ‘गच’ आहे. गच म्हणजे चुन्याचा गिलावा, शब्द फारसीतून आलेला. म्हणजे आपल्या लोकांनी या छपराला नाव दिलं ते त्याच्या वरच्या थरावरून. खाली तुळया असोत, कमान असो की आजचा स्लॅब, पाणी अडवतो तो वरचा थर. त्याची काळजी घेतली तर गच्ची, नाही तर नुसतं सपाट छप्पर.

माझं आजोळ सोलापूर जिल्ह्यातलं. घर माळवदाचं. नव्या मंडळींसाठी सांगते, माळवद म्हणजे मातीचं सपाट छप्पर. काही भागांत त्यालाच धाबं म्हणतात. आपण ‘नियम धाब्यावर बसवले’ म्हणतो ना, तेच धाबं. खाली लाकडी तुळया, त्यांवर किलचण, म्हणजे आडव्या लाकडी पट्ट्या, त्यावर पाला आणि मग मातीचे थर. धूर जायला आणि उजेड यायला मधे साणं ठेवलेलं. सगळ्यात वर पांढरी माती. ही पांढरी दर वर्षी मृगाच्या आधी नव्याने पसरायची, हा घरचा नेम. लग्न असो, आजारपण असो, पांढरी चुकायची नाही. पहिली सर पडून गेली की मामा वर चढायचे आणि पायाने दाबत अख्खं माळवद फिरून यायचे. कुठे पाय रुतला, कुठे भेग दिसली, की तिथे मूठभर माती टाकून दाबायची. पन्हळीत पाला अडकला असेल तर काढायचा. मातीच्या छपराखाली आमच्या तीन पिढ्या कोरड्या झोपल्या. तिथे पाऊस कमी, हे खरं. पण मुख्य म्हणजे छपरावर दर वर्षी माणसाचा पाय पडत होता.

मग मी पुण्यात आले. इथे स्लॅब, वर विटांच्या तुकड्यांचा कोबा, त्यावर चौकड्या मारलेला गुळगुळीत थर. इथे पांढरी पसरायची गरज नव्हती. पण चैत्र-वैशाखात काय व्हायचं आठवतंय का? वाळवणं! कुरडया, सांडगे, पापड, साबुदाण्याच्या पापड्या. त्यासाठी गच्ची आधी लख्ख झाडली जायची, धुतली जायची. धुतल्यावर पाणी कुठे साचतं ते दिसायचं, कारण तिथे साडी पसरता येत नसे. भेग दिसायची, कारण तिच्यात कुरडईचा चुरा आणि मागोमाग मुंग्या जायच्या. कोपऱ्यातलं पिंपळाचं रोपटं बोटभर असतानाच उपटलं जायचं. मंडळी, पावसाळ्यापूर्वीची तपासणी म्हणून मी इंजिनिअर जी यादी करते, ती सगळी आपल्या आया-आज्या पदर खोचून दर उन्हाळ्यात उरकत होत्या. तीही नेमकी हवी त्या महिन्यात, एक पैसा न घेता. त्या कामाला कुणी देखभाल म्हटलं नाही, म्हणून ते थांबलं तेव्हा काय थांबलं हेही कुणाच्या लक्षात आलं नाही.

आता आमच्या इमारतीची हकीकत. चार मजले, गच्ची साधारण 300 चौरस मीटर. मुलं वर क्रिकेट खेळतात, आवाज होतो, म्हणून ठराव झाला आणि कुलूप लागलं. तेव्हा मी नोकरीनिमित्त नागपूरला होते. पुढच्याच पावसाळ्यात वरच्या मजल्यावरच्या एका काकूंच्या स्वयंपाकघरात ओल आली. आमच्या कमिटीचं उत्तर काय, तर “छत तुमचं, तुम्ही बघा.” हे साफ चूक आहे. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार, म्हणजे नमुना नियमावलीनुसार, गच्चीतून येणारी पावसाची गळती आणि तिने खराब झालेलं वरच्या मजल्याचं छत, दोन्ही दुरुस्त करण्याचा खर्च सोसायटीचा. तरी काकूंनी स्वतःच्या पैशाने आतून गिलावा करून घेतला. पुढच्या आषाढात तो पडला.

मग सोसायटीने कंत्राटदार आणला. त्याने अख्ख्या गच्चीला एक रसायन फासलं. पुन्हा गळलं. दुसऱ्याने दुसरं फासलं. पुन्हा गळलं. तिसऱ्याने जुन्या कोब्यावर नवा कोबा घातला, चार इंच. याचा हिशेब मी अजून विसरले नाही. चार इंच कोबा म्हणजे चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपास. 300 चौरस मीटरला 60 टन! दहा-दहा टनांचे सहा भरलेले ट्रक आमच्या डोक्यावर कायमचे आणून उभे केले, आणि हा स्लॅब ते पेलेल का, असं एकाही इंजिनिअरला विचारलं नाही. काकूंनी तीन पावसाळे ओट्यावर प्लास्टिक ताणून स्वयंपाक केला. ते आठवलं की आजही मला राग येतो.

मी परत आले आणि गच्चीची किल्ली मागितली. ती मिळायला नऊ दिवस लागले. वर गेल्यावर मी काही फोडलं नाही, काही फासलं नाही. गवंड्याला घेऊन एकेका चौकाला मातीची आळी बांधली आणि पाणी भरलं. एका वेळी एकच चौक, चोवीस तास. पहिला कोरडा, दुसरा कोरडा. तिसऱ्या चौकात सोलर हीटरचा सांगाडा होता. सकाळी पाणी भरलं, संध्याकाळी काकूंच्या ओट्यावर थेंब. सांगाड्याचे पाय बोल्टांनी थेट गच्चीत ठोकलेले होते! नवा कोबाही त्या पायांभोवतीच घातला होता. पाणी बोल्टांच्या भोकांतून कोब्यात शिरत होतं, स्लॅबवरून सरपटत होतं आणि चार मीटर लांब जाऊन टपकत होतं. विटांचा कोबा एकदा भिजला की स्पंजासारखा पाणी धरून ठेवतो, म्हणून पाऊस थांबल्यावरही कित्येक दिवस ठिबकतं. डाग जिथे दिसतो त्याच्या बरोबर वर भोक असेलच असं नाही, हे एवढं एक वाक्य घरी नेलंत तरी मला पुरे.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत म्हणे. मग वेळापत्रक भरभर सांगते.

एप्रिलमध्ये गच्ची झाडून धुवा. पाणी तासाभरात निघून गेलं पाहिजे. ढाळ मीटरला निदान एक सेंटिमीटर हवा. 100 चौरस मीटर गच्चीवर 100 मिलिमीटर पाऊस म्हणजे 10,000 लिटर, एक अख्खा टँकर, आणि तो जायचा कुठून, तर त्या चार इंची पाइपांच्या तोंडांतून. म्हणून तोंडांवर घुमटासारखी उंच जाळी बसवा, सपाट जाळी एका कॅरीबॅगने बंद होते. कठड्यात थोड्या उंचीवर एक जादा पन्हळ ठेवा, म्हणजे पाइप तुंबला तरी तळं होणार नाही.

कठडा आणि गच्ची जिथे मिळतात तिथला गोल वाटा, म्हणजे कोपऱ्यात दिलेली गिलाव्याची गोलाई, बोटाने चाचपून बघा, बहुतेक भेगा तिथेच सुरू होतात. भेगेत नुसतं सिमेंट भरू नका. 20 मीटर लांबीचा स्लॅब तापमानात 30 अंशांचा फरक पडला की सुमारे सहा मिलिमीटर लांबतो-आखडतो. कडक सिमेंट तिथे पुन्हा फुटणारच, ताणलं जाणारं सीलंट हवं. पिंपळ नुसता कापू नका, मुळासकट काढा.

टाक्या स्लॅबच्या मध्यावर नकोत, तुळयांवर घ्या. हजार लिटर म्हणजे एक टन. कुंड्या विटांवर उचलून ठेवा. सोलर, डिश, मोबाइलचे सांगाडे, सगळे काँक्रीटच्या ठोकळ्यांवर उभे करा, गच्चीला ड्रिल लावू देऊ नका. जुन्या कोब्यावर नवा कोबा नको. छताचे पोपडे पडून सळ्या दिसत असतील तर गंज काढल्याशिवाय गिलावा करू नका. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि काँक्रीट आतून फोडतो.

पैशांचं म्हणाल तर उपविधींत दुरुस्ती निधी आहे, सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान 0.75 टक्के. तो जमा होतो का, हे येत्या सभेत विचारा. इमारत नवी असेल तर रेरा या स्थावर मालमत्ता कायद्याने ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत निघालेले बांधकामातले दोष बिल्डरने मोफत दुरुस्त करायचे असतात. तक्रार लेखी द्या.

आणि कुलूप काढा. काढायचं नसेल तर किल्ली जिन्यात खिळ्याला टांगा. येत्या रविवारी सकाळी सात वाजता मी आमच्या गच्चीवर असेन. आळी बांधून पाणी कसं भरायचं ते ज्यांना बघायचंय त्यांनी या. झाडू मी आणते, पाण्याचा पाइप कुणीतरी आणा. आणि आमच्या त्या काकू दोन साड्या पसरून कुरडया घालणार आहेत, त्यांना जरा हात द्या.