गिधाडाला उपयोगी कोण म्हणालं होतं?

नमस्कार, श्रोतेहो. परवा सीताबर्डीवर तर्रीपोहे खाताना शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, "वाघ वाचवा, बरोबर आहे. सफारीच्या जिप्सीवर पोटं चालतात लोकांची. पण हे गिधाडं, घुबडं कशाले वाचवता?" तोंडात घास होता, म्हणून तिथं गप्प बसलो. आज इथं बोलतो.

या कमावत्या वाघाला मारल्याबद्दल इंग्रजांच्या राज्यात बक्षीस मिळायचं. रानकुत्र्यांवर तर १९७२ चा वन्यजीव कायदा येईपर्यंत इनाम होतं. म्हणजे उपयोगी कोण, ही यादी दर पिढीला खोडावी लागते.

आणि गिधाड? ते तर कुठल्याच यादीत नव्हतं. लहानपणी आमच्या गावाबाहेर मेलेलं ढोर टाकलं की बाभळीवर ओळीनं येऊन बसायची. खाली उतरली की नुसती हिसकाहिसकी, पंखांची फडफड. संध्याकाळी जाऊन पाहावं तर सांगाडा उरलेला, वासही नाही. आपण मात्र 'गिधाडासारखे तुटून पडले' असं म्हणून त्यांना शिवीत घातलं. मग जनावरांना डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक देऊ लागलो. औषध दिलेलं ढोर मेलं, ते गिधाडानं खाल्लं, की त्याची किडनी निकामी. काही जातींची शंभरातली पंच्याण्णवहून जास्त गिधाडं गेली. २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. गिधाडं नसल्यानं कुजत पडलेली ढोरं, त्यांवर वाढलेली कुत्री आणि त्यातून पसरलेले रोग यांचा हिशेब मात्र नंतर लागला: २००० ते २००५ या पाच वर्षांत देशात सुमारे ५ लाख माणसं जास्तीची दगावली, असा अंदाज २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानं मांडला. त्याच वर्षी हरियाणातल्या पिंजोरहून आणलेली गिधाडं आपल्या पेंचमध्ये सोडावी लागली.

आता घुबडाचं. इथं माझी जरा अडचण होते. रानपिंगळा हे छोटं घुबड. तो १८८४ नंतर कुणाला दिसलाच नाही, तो थेट १९९७ मध्ये शहाद्याजवळ सापडला, पुढे मेळघाटातही. मधल्या ११३ वर्षांत कुणाचं काही अडलं का? नाही अडलं. त्याच्यामुळं सागाचं जंगल राखलं जातं, असं म्हणता येईल, पण ती पळवाट झाली. उपयोगाच्या रकान्यात त्याच्यापुढं मला काहीच लिहिता येत नाही, आणि तरीही तो राहिला पाहिजे, असं माझं मत आहे. आपल्या उपयोगाला यायचं म्हणून तो जन्माला आलेला नाही.

फक्त याचा खर्च मेळघाटातल्या किंवा ताडोबाच्या कडेच्या माणसानं का सोसावा? ज्याची गाय वाघानं नेली, त्याला भरपाई लगेच मिळायला हवी. आणि पैसा थोडा आहे, तर रांग लागणारच. पण त्या रांगेत पुढं कोण, हे कोण किती कमावतो यावरून नको, कोण किती उरलेत यावरून ठरवा. मग माळढोक पक्षी वाघाच्या कितीतरी पुढं उभा राहील, आणि त्याला पाहायला जिप्सींची रांग काही लागत नाही.