भर दुपारची ट्यूबलाइट

(नागरी आरोग्यावरील व्याख्यानाचा संपादित भाग)

गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडमध्ये तळमजल्यावरच्या एखाद्या घरात दुपारी बारा वाजता जा. ट्यूबलाइट चालू असते. ती बंद केली तर भाजी चिरणाऱ्या बाईला स्वतःची बोटं दिसणार नाहीत. घर सव्वादोनशे चौरस फुटांचं, आणि समोरची इमारत जेमतेम तीन मीटरवर. मधल्या पट्टीत वरून कचरा पडतो, त्याची घाण येते, म्हणून खिडकी कायमची बंद. नकाशावर मात्र ती खिडकी आहे, आणि नियमाप्रमाणेच आहे.

रस्ते आणि रेल्वेच्या प्रकल्पांत ज्यांची घरं गेली, त्यांना इथे आणलं. इथे क्षयाचे पेशंट जास्त आहेत हे त्या भागात दवाखाना चालवणाऱ्या कुणालाही ठाऊक होतं. पण ‘आम्हाला दिसतंय’ हे वाक्य सरकारी फायलीत चालत नाही. ‘डॉक्टर्स फॉर यू’ ही संस्था आणि आयआयटी मुंबई यांनी मिळून नटवर पारेख, लल्लुभाई कंपाउंड आणि पीएमजी कॉलनी अशा तीन वसाहतींत चार हजारांवर घरं पाहिली. २०१८ मध्ये निष्कर्ष बाहेर आले. पहिल्या दोन वसाहतींत साधारण दर दहा घरांमागे एका घरात क्षयरोगी. पीएमजीत शंभरात एक.

गरिबांना टीबी होतोच, त्यात नवल काय, असं कुणीही म्हणेल. म्हणून पीएमजी महत्त्वाची. तीही एम-पूर्व वॉर्डातलीच, म्हणजे पालिकेच्या त्याच गोवंडी-मानखुर्द विभागातली पुनर्वसन वसाहत. फरक आहे तो इमारतींमधल्या अंतरात, ऊन-वाऱ्यात; पीएमजीत ते जास्त. एवढ्यावरून कारण सिद्ध झालं असं मी म्हणणार नाही, तुलना तीनच वसाहतींची आहे. पण रोग कसा पसरतो ते तर आपल्याला माहीत आहे. खोकल्यातून उडालेले जंतू कोंदट खोलीत तासन्‌तास तरंगत राहतात. वारा त्यांना पातळ करतो, ऊन मारतं. नटवर पारेखमध्ये दोन्ही नाही.

आणि हे मुंबईला नव्याने कळलेलं नाही, याचा मला राग येतो. १८९६ साली मांडवीत प्लेग आला, १८९८ मध्ये शहरातली दाट वस्ती सुधारण्यासाठी सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्या ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ साली मुंबईतल्या घरांच्या उजेड-वाऱ्यावर एक व्याख्यान दिलं. त्यांचा आग्रह साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा : खोलीच्या पायथ्यापासून समोरच्या भिंतीच्या माथ्याकडे पाहिलं, तर नजर यापेक्षा जास्त वर उचलावी लागू नये. भूमिती सोपी आहे : समोरची भिंत जितकी उंच, त्याच्या निम्मं तरी अंतर मोकळं हवं. वीस मीटरच्या इमारतीसमोर दहा मीटर. आपण दिले तीन. (ट्रस्टने पाडली त्या मानाने गरिबांसाठी घरं कमी बांधली, हेही सांगायला हवं. नाहीतर तुम्ही ऑरसाहेबांची आरती ओवाळायचे.)

मग दहाचे तीन कसे झाले? कुणी एकाने दुष्टपणा केला नाही. मुंबईच्या बांधकाम नियमावलीतल्या झोपडपट्टी पुनर्वसनाच्या ३३(१०) या नियमात सवलतींवर सवलती आल्या. त्यात हेक्टरी किमान पाचशे घरांची अट आली, नव्या नियमावलीत ती साडेसहाशेवर गेली. किमान, बरं का! दाटीला कमाल मर्यादा असते हे मला ठाऊक होतं. किमान मर्यादा मी तिथे पहिल्यांदा वाचली.

एकदा एका कार्यालयात मी असाच एक अहवाल घेऊन गेले होते. साहेबांनी तो चाळला, चहा मागवला आणि म्हणाले, “मॅडम, सगळं पटतंय. पण हा मी कुठल्या टेबलावर पाठवू? टीबी म्हणजे आरोग्य खातं. इमारत म्हणजे नगरविकास.” मग थांबून म्हणाले, “आणि नियमातला कुठला आकडा बदलायचा, ते यात कुठे लिहिलंय?” नव्हतं लिहिलेलं. आमच्या शिफारशीत ‘पुरेसा प्रकाश’, ‘योग्य वायुवीजन’ असं होतं. ‘पुरेसा’वर शेरा मारता येत नाही.

क्षयरुग्णाला आहारासाठी महिना पाचशे रुपये मिळू लागले २०१८ मध्ये, ते २०२४ मध्ये हजार झाले. त्या बाबतीत संशोधन आणि निर्णय यांचा रस्ता एकाच खात्यातून जातो. इमारतीचा जात नाही. शिवाय अंतर वाढवलं की घरं कमी बसतात, बिल्डरचं गणित बिघडतं, आणि राहणाऱ्यांनाही मोठं घर हवं असतं, मोठं अंगण नव्हे. हा हिशेब अहवालात मांडला नाही, तर समोरचा माणूस तो आपल्या सोयीने मांडतो.

आता तुमच्यापैकी कुणीतरी विचारणारच : उभ्या असलेल्या इमारतींचं काय? त्या पाडा असं मी म्हणत नाही. दोन इमारतींमधली पट्टी रोज साफ झाली, तर खिडकी उघडेल. स्वयंपाकाच्या कोपऱ्यात एक एक्झॉस्ट पंखा बसेल. आणि घरोघरी तपासणी करायचीच आहे, तर ती तळमजल्यापासून सुरू करा, कारण उजेड तिथे सगळ्यात कमी पोचतो. यातल्या एकाही कामाला नियमातला आकडा बदलावा लागत नाही.