साथीच्या वाद्याचा एकल प्रवास

नमस्कार श्रोतेहो.

साथीदार म्हणजे काय, हे पुण्याच्या श्रोत्याला वेगळं सांगावं लागत नाही. सवाई गंधर्व महोत्सवात पेटीवाल्यानं एखादी जागा हुबेहूब घेतली की मंडपातून 'क्या बात है' येतंच. पण घरी परतताना गप्पा रंगतात त्या गवयाच्याच. पाश्चात्त्य संगीतात हे मागचं, मधलं आसन शतकानुशतकं एका वाद्याच्या वाट्याला आलं. त्याचं नाव व्हायोला.

दिसायला व्हायोलिनसारखाच, फक्त अंगानं जरा थोराड. खांद्यावरच धरायचा, गजानंच वाजवायचा. व्हायोलिनची टिपेची तार इथे नसते, त्याऐवजी खाली खर्जाची एक तार असते. सगळं वाद्यच व्हायोलिनपेक्षा एका पंचमानं खाली बोलतं. गोम इथेच आहे. पंचमानं खाली जायचं तर हिशेबानं वाद्य दीडपट मोठं हवं. व्हायोलिनची लाकडी पेटी साडेपस्तीस सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे व्हायोलाची 53 व्हायला पाहिजे. तेवढं धूड हनुवटीखाली धरून वाजवणार कोण? म्हणून ती साधारण 40 ते 43 सेंटीमीटरवर थांबते. शेराच्या मापात दीड शेर बसवल्यासारखा हा प्रकार. त्यामुळे आवाजाला एक घोगरेपणा येतो आणि खालची तार जरा उशिरा बोलायला लागते. मला विचाराल तर त्या घोगरेपणातच सगळी गंमत आहे, पण बरीच वर्षं तो दोषच मानला गेला. व्हायोलिनवर ज्याचं फारसं जमलं नाही त्याला व्हायोलाकडे धाडायचं, अशी रीत होती. संगीतकार मोत्सार्टला मात्र मित्रांबरोबर क्वार्टेटला, म्हणजे चार तंतुवाद्यांच्या मेळाला, बसताना व्हायोलाच आवडायचा, एवढं सांगून पुढे जातो.

ही रीत मोडायला निघालेला पहिला मोठा माणूस इंग्लंडचा, लायनल टर्टिस. जन्म 29 डिसेंबर 1876. योगायोग असा, की चेलो या खर्जातल्या मोठ्या तंतुवाद्याचे बादशहा पाब्लो कासाल्स यांचाही जन्म नेमका त्याच दिवशीचा. टर्टिस शिकत होता व्हायोलिन. क्वार्टेटसाठी व्हायोलावाला मिळेना म्हणून त्यानं तो हातात घेतला आणि पुन्हा खाली ठेवलाच नाही. शिकवणारं धड कुणी नव्हतं, तेव्हा बरंचसं स्वतःचं स्वतःच शोधलं. पुढे लंडनच्या रॉयल अकॅडमीत तो स्वतः शिकवू लागला. त्याच्याकडे शिकलेली रेबेका क्लार्क उत्तम वादक आणि संगीतकार झाली. 1919 च्या एका अमेरिकी स्पर्धेत तिच्या सोनाटाला, म्हणजे व्हायोला आणि पियानोसाठीच्या रचनेला, आणि संगीतकार ब्लॉखच्या रचनेला समसमान मतं पडली. निकाल ब्लॉखच्या बाजूनं लागला, पण क्लार्कचा सोनाटा आज जगभरचे विद्यार्थी वाजवतात.

आता आपल्याकडचं बघा. सारंगी गाण्याच्या साथीची. पंडित रामनारायण यांनी तिला एकलवादनाच्या आसनावर बसवलं. त्यांना झगडावं लागलं ते मान मिळवण्यासाठी. वाजवायचं काय, हा प्रश्न नव्हता. यमन होता, मारवा होता, सगळं भांडार उघडं होतं. युरोपातल्या व्हायोलावाल्याची पंचाईत वेगळी. तिथे कुणी रचना लिहून दिल्याशिवाय एकल वादक मंचावर करणार तरी काय? म्हणून रियाजाइतकाच वेळ संगीतकारांची मनधरणी करण्यात जायचा.

त्यातही फसगती झाल्या. तरुण इंग्लिश संगीतकार विल्यम वॉल्टननं व्हायोला कॉन्चेर्टो, म्हणजे वाद्यवृंदाच्या साथीनं वाजवायची एकल रचना, लिहिला आणि टर्टिसकडे पाठवला. टर्टिसला तो फारच आधुनिक वाटला, त्यानं परत धाडला. 3 ऑक्टोबर 1929 ला लंडनमध्ये तो पहिल्यांदा वाजवला जर्मन संगीतकार पॉल हिंडेमिथनं. श्रोत्यांत टर्टिस बसला होता. आपण काय नाकारलं, हे त्याला उमगलं आणि पुढे तो स्वतःच ते वाजवू लागला. असं मनानं मोठं होणं आपल्याकडच्या किती उस्तादांना जमलं असतं, कोण जाणे!

दुसरा माणूस विल्यम प्रिमरोज. 1904 मध्ये ग्लासगोत जन्मलेला. वडील वाद्यवृंदात व्हायोला वाजवायचे, पण मुलानं व्हायोलिनवादकच व्हावं ही त्यांची इच्छा. बेल्जियमच्या इझाईकडे तो व्हायोलिन शिकायला गेला आणि त्या गुरूनंच सुचवलं, तू व्हायोला घे. मग लंडन स्ट्रिंग क्वार्टेट, 1937 पासून अमेरिकेत संचालक तोस्कानिनींच्या वाद्यवृंदात नोकरी, आणि नंतर ती सोडून एकलवादन. पागानिनीच्या व्हायोलिनसाठीच्या अवघड रचना तो व्हायोलावर सहज वाजवायचा.

हंगेरियन संगीतकार बार्टोककडून कॉन्चेर्टो मागून घेतला तो यानंच. बार्टोक तेव्हा न्यूयॉर्कमध्ये आजारी होता. सप्टेंबर 1945 मध्ये तो गेला तेव्हा मागे राहिली क्रमांक न घातलेली, दाटीवाटीनं लिहिलेली पानं. तिबोर शेर्ली या त्याच्या स्नेह्यानं ती लावून रचना पुरी केली आणि 2 डिसेंबर 1949 ला मिनिआपोलिसमध्ये प्रिमरोजनं ती वाजवली. शेर्लीच्या जुळणीवर तज्ज्ञांचे वाद अजून चालू आहेत.

मैफलींबरोबर प्रिमरोज सतत शिकवत राहिला. फिलाडेल्फियाची कर्टिस संगीतसंस्था, मग इंडियाना विद्यापीठ, जपान, शेवटी युटा. तिथेच 1982 मध्ये तो गेला. त्याच्या नावाचं व्हायोला संग्रहालय तिथल्याच ब्रिगहम यंग विद्यापीठात आहे. मोकळी तार वाजवायला लाजू नका, हा त्याचा आग्रह. व्हायोलिनवाले शक्यतो बोट दाबून सूर काढतात, कारण मोकळ्या तारेचा सूर वेगळा ऐकू येतो. प्रिमरोजला तो घुमारा हवाच असायचा. त्यानं बोटं नेमून दिलेल्या छापील प्रती बघा, मोकळ्या तारेची शून्यं जागोजाग भेटतात.

पुण्यात पाश्चात्त्य पद्धतीचं व्हायोलिन शिकणाऱ्या मुलामुलींना एक सांगतो. कुणी व्हायोला हातात दिला तर नाक मुरडू नका. पहिले काही आठवडे त्रासाचे जातील. बोटांमधली अंतरं वाढतात, करंगळी कुरकुरते. गज नुसता हलका फिरवून चालत नाही. हाताचं वजन तारेत उतरावं लागतं, नाहीतर खर्ज खरवडल्यासारखा वाजतो. स्वरलिपीही निराळी, मधला सा म्हणावा तो सूर बरोबर मधल्या रेघेवर. पण एखाद्या क्वार्टेटला बसलात की वर व्हायोलिन आणि खाली चेलो यांचं बोलणं तुमच्या कानाशी चालतं.

आणि ज्यांना नुसतंच ऐकायचं आहे त्यांनी मोत्सार्टची 1779 ची, व्हायोलिन आणि व्हायोला यांची सिंफोनिया कॉन्चेर्टान्टे शोधा. तिचा मधला, संथ भाग लावा. आधी व्हायोलिन बोलतं, मग तीच गोष्ट व्हायोला आपल्या आवाजात सांगतो. दोघांत तुम्हाला कोण पटतं, ते ठरवा. नमस्कार.