गाडी खाली करताना: ३५ मिलिमीटरचा हिशोब

गाडी खाली करायची म्हटलं की बोलणं स्प्रिंगपासून सुरू होतं. कोणत्या कंपनीची, कितीला मिळते, चाकाच्या वर किती बोटं जागा राहील. पण स्प्रिंग बदलणं हा या कामाचा सगळ्यात सोपा भाग आहे. उंची कमी केली की चाकाला वर जायची जागा कमी होते आणि लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा हात), टाय रॉड (स्टेअरिंग चाकाला जोडणारी दांडी), ड्राइव्ह शाफ्ट (इंजिनची ताकद चाकाला नेणारा दांडा) या सगळ्यांचे कोन बदलतात. ती जागा आणि ते कोन जितके परत मिळवाल तितकी गाडी चांगली चालेल. आज या परतफेडीबद्दलच बोलायचं आहे.

उदाहरणासाठी स्विफ्ट घेऊ, २०१८ मध्ये आलेली. आपल्याकडे सर्रास खाली केली जाणारी गाडी आहे आणि तिची मांडणी बहुतेक हॅचबॅकसारखीच आहे: पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला खांब, मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही मागची चाकं जोडणारी आडवी तुळई, त्यावर स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा. कंपनी ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासून पोटापर्यंतची जागा) १६३ मिमी सांगते, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २४५० मिमी.

किती खाली करायची ते रस्ता ठरवतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमातला गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, १७ मीटर त्रिज्येच्या कमानीसारखा. असा गतिरोधक गाडीच्या बरोबर मधोमध आला, तर चारही चाकं कमानीवरच असतात आणि पोटाखाली फक्त ४४ मिमी फुगवटा उरतो. बऱ्याच खाली गेलेली गाडीही तो आरामात पार करते. आपल्याला छळतो तो गल्लीतला, रात्रीतून डांबर ओतून केलेला दीड-दोन फुटांचा उंचवटा. तो पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये मावतो, म्हणून त्याची अख्खी उंची पोटाखाली येते. १६३ मधून ३५ वजा केले की १२८ उरतात. चार माणसं आणि सामान बसलं की मध्यभागी आणखी २५-३० मिमी जातात. म्हणजे उरले १०० च्या आसपास, आणि समोर १०० चा उंचवटा. त्यामुळे रोज वापरायच्या स्विफ्टला ३० ते ३५ मिमी ही मर्यादा योग्य वाटते. ५० केलेत तर पहिल्याच महिन्यात ऑइल चेंबर घासेल, आणि चेंबर फुटून तेल गेलं तर इंजिन जातं.

काम सुरू करण्याआधी मोजमाप लिहून ठेवा. जमिनीपासून मडगार्डपर्यंत मोजू नका. हवा कमी-जास्त असली की तो आकडा खोटा पडतो. चाकाच्या मध्यबिंदूपासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा, चारही ठिकाणी. समजा पुढे ३८० आले. ३५ मिमी खाली करायचं असेल तर ३४५ हे लक्ष्य. हा आकडा पुढे पुन्हा लागणार आहे, म्हणून कागदावर हवा.

आता गेलेल्या जागेबद्दल. समजा मूळ गाडीत बंप स्टॉपला (चाक जास्त वर जाऊ नये म्हणून बसवलेल्या मऊ अडसराला) टेकेपर्यंत चाक ७० मिमी वर जात होतं. गाडी ३५ ने खाली आली, शॉकअप मूळचाच राहिला, तर उरले ३५. स्प्रिंगमध्ये साठणारी ऊर्जा अंतराच्या वर्गाप्रमाणे बदलते. अंतर अर्धं झालं, तर तोच धक्का पचवायला स्प्रिंग चौपट कडक लागेल. चौपट कडक स्प्रिंग कोणी बसवत नाही, बसवूही नये. गाडी बैलगाडी होईल. बाजारातल्या लोअरिंग स्प्रिंग साधारण २० ते ३० टक्के कडक असतात. उरलेला धक्का बंप स्टॉपवर जातो. सरळ रस्त्यावर त्याचा नुसता दणका बसतो, पण ताम्हिणीसारख्या घाटात वळणाच्या मध्यावर खड्डा आला आणि बाहेरचं पुढचं चाक स्टॉपला टेकलं, तर तो कोपरा एका क्षणात दगडासारखा होतो आणि पुढची चाकं वळण सोडून सरळ जायला बघतात. मागचा स्टॉप आधी टेकला तर मागची बाजू बाहेर निघते. खाली केलेली गाडी वळणावर अचानक बिथरली असं लोक सांगतात, त्याचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं.

उपाय म्हणजे आखूड बॉडीचा शॉकअप. तो घ्यायचा नसेल तर बंप स्टॉप थोडा कापता येतो, पण जाड बाजूने. टोकाची निमुळती बाजू मऊ असते, ती हळूहळू दाबली जावी म्हणून तशी बनवलेली असते. तीच कापली तर उरतो तो ठोकळा. आणि जितकी गाडी खाली केली त्याच्या निम्म्यापेक्षा जास्त कापू नका, नाहीतर शॉकअपच्या आतला पिस्टन तळाच्या व्हॉल्व्हवर आदळतो किंवा टायर आतल्या लायनरला लागतो. किती जागा वापरली जाते ते बघायला शॉकअपच्या दांड्यावर एक केबल टाय घट्ट बांधा आणि खाली सरकवून ठेवा. आठवडाभर नेहमीच्या रस्त्यावर गाडी चालवा. टाय वर कुठे जाऊन थांबली ते दिसेल. रोज स्टॉपमध्ये खोल शिरत असेल तर गाडी जास्त खाली गेली आहे, हे कोणाला विचारायचीही गरज नाही.

शॉकअपचं दुसरं काम स्प्रिंगला आवरण्याचं. लागणारं डॅम्पिंग, म्हणजे उसळी शमवण्याची ताकद, स्प्रिंगच्या कडकपणाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतं: स्प्रिंग ३० टक्के कडक केली तर डॅम्पिंग १४ टक्के जास्त हवं. नवा मूळ शॉकअप एवढं कसंबसं सांभाळतो. ६० हजार किलोमीटर चाललेला सांभाळत नाही. म्हणून पैसे मोजकेच असतील तर जुन्या शॉकअपवर नवी स्प्रिंग बसवू नका. आधी शॉकअप, टॉप माउंट (स्ट्रटचं वरचं टोक बॉडीला धरणारा भाग) आणि त्याचं बेअरिंग बदला. स्प्रिंग पुढच्या पगाराला घ्या.

स्प्रिंग कापण्याबद्दल स्पष्टच सांगतो. सहा कामाचे वेढे असलेल्या स्प्रिंगचा एक वेढा कापला तर ती २० टक्के कडक होते, इतपत गणित ठीक आहे. पण कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही, आणि मोकळ्या स्थितीत स्प्रिंग आखूड पडते. गॅसने तापवून बसवलेली स्प्रिंग तर पोलादाचं पाणीच घालवते. ती बसतच जाते आणि एक दिवस तुटते. कुठलीही स्प्रिंग बसवल्यावर एक परीक्षा करा: गाडी जॅकवर घ्या, चाकं लटकू द्या आणि स्प्रिंग हाताने धरून फिरवून बघा. हलली तर ती आखूड आहे. मागच्या टॉर्शन बीमवर स्प्रिंग नुसती दोन वाट्यांमध्ये बसलेली असते. चाक हवेत गेलं की ती बाहेर पडू शकते.

बसवताना सगळ्यात जास्त होणारी चूक बुशची आहे. लोअर आर्मचा बुश म्हणजे दोन लोखंडी नळ्यांमध्ये चिकटवलेलं रबर. बोल्ट आवळला की आतली नळी जागेवर पकडली जाते आणि पुढची सगळी हालचाल रबर पिळून होते. गाडी जॅकवर असताना, आर्म खाली लटकलेला असताना बोल्ट आवळला, तर गाडी जमिनीवर येताच रबर कायमचं पिळलेलं राहतं. ते काही महिन्यांत फाटतं. शिवाय पिळलेलं रबर स्प्रिंगसारखं वर ढकलतं, म्हणून गाडी ठरल्यापेक्षा उंच बसते आणि मग स्प्रिंगला दोष दिला जातो. म्हणून आर्मचे, मागच्या बीमचे आणि मागच्या शॉकअपच्या खालचे बोल्ट आधी हाताने लावून ठेवा. नंतर बॉल जॉइंटखाली (आर्मच्या बाहेरच्या टोकाच्या, चाकाकडच्या सांध्याखाली) जॅक लावून तो कोपरा उचला, चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंत तोच ३४५ चा आकडा येऊ द्या, आणि तेव्हाच टॉर्क रेंचने सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळा. गाडी स्टँडवर नीट टेकलेली हवी, नुसत्या जॅकवर नाही. स्ट्रटच्या वरच्या नटाला एअर गन लावू नका. दांडा आतून फिरतो आणि सील खराब होतं. स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर ताणली जात नाही ना, तेही बघून घ्या.

आता कोन. मॅकफर्सन मांडणीत लोअर आर्म मूळ उंचीला बाहेरच्या टोकाकडे किंचित खाली झुकलेला असतो. आर्म ३५० मिमी लांब धरला तर ३५ मिमी खाली केल्यावर त्याचा कोन सुमारे ५.७ अंशांनी बदलतो. आधी ४ अंश खाली असेल तर आता पावणेदोन अंश वर. यातून दोन गोष्टी घडतात. पहिली, चाक वर जाताना मिळणारा निगेटिव्ह कॅम्बर, म्हणजे चाकाच्या वरच्या कडेचा आतला कल, कमी होतो, म्हणजे वळणात बाहेरचा टायर आपल्या कडेवर उभा राहतो. दुसरी, रोल सेंटर, म्हणजे वळणात गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो, खाली जातं, आणि ते गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली जातं. दोघांमधलं अंतर म्हणजे गाडीला कलवणारी पहार. ती लांब होते. फार खाली केलेली गाडी मूळ गाडीपेक्षा जास्त कलते ती यामुळे, आणि मग लोक आणखी कडक स्प्रिंग शोधतात.

यावर लांब दांड्याचा बॉल जॉइंट मिळतो, २० ते ३० मिमीचा. तो आर्मचं बाहेरचं टोक परत खाली आणतो. पण तो एकटा बसवू नका. टाय रॉड आणि लोअर आर्म जवळपास समांतर फिरतात म्हणून चाक वर-खाली होताना टो स्थिर राहतो. टो म्हणजे वरून बघताना चाकाचं तोंड किती आत (टो-इन) किंवा बाहेर (टो-आउट) वळलेलं आहे ते. आर्म सरळ केला आणि टाय रॉड तिरका ठेवला, तर प्रत्येक खड्ड्यावर चाक स्वतःहून वळेल. टाय रॉड एंडही तेवढाच खाली आणावा लागतो. ३० मिमीच्या आत काम असेल तर या दोन्ही भागांची सहसा गरज पडत नाही.

हे तपासायचं असेल तर स्ट्रटमधली स्प्रिंग काढून स्ट्रट परत लावा, स्टेअरिंग मध्यावर बांधा, आणि जॅकने चाक १० मिमीच्या टप्प्यांनी ठरलेल्या उंचीच्या ४० खाली ते ४० वर न्या. प्रत्येक टप्प्याला टो लिहा. आकडे जवळजवळ सारखे आले तर उत्तम. एका दिशेने पळत सुटले तर टाय रॉडची उंची चुकली आहे. या कामाला अर्धा दिवस लागतो, पण यानंतर अंदाजाने काही करावं लागत नाही.

व्हील अलाइनमेंट दोनदा करा. काम संपताच टो ढोबळ जुळवा, २००-३०० किलोमीटर चालवून स्प्रिंग आणि बुश बसू द्या, मग शेवटचं. जाताना टाकीत अर्धं पेट्रोल, हवा बरोबर, आणि एकटेच गाडी चालवत असाल तर ड्रायव्हरच्या सीटवर तेवढं वजन. स्विफ्टच्या पुढच्या कॅम्बरला कंपनीने समायोजन दिलेलं नाही, पण स्ट्रट आणि नकल (चाकाचं बेअरिंग धरणारा भाग) जोडणाऱ्या दोन बोल्टपैकी एका जागी कॅम्बर बोल्ट बसतो. त्यातून साधारण एक ते पावणेदोन अंश मिळतात. तो मूळ बोल्टपेक्षा बारीक असतो, म्हणून त्याच्या पाकिटावरच्या टॉर्कलाच आवळा आणि ५०० किलोमीटरनंतर पुन्हा बघा; सरकला तर कॅम्बर आणि टो दोन्ही जातात. कॅम्बर बदलला की टो बदलतोच, म्हणून आधी कॅम्बर, मग टो. रस्त्यावरच्या गाडीला पुढे उणे १ अंश ते उणे सव्वा अंश, डाव्या-उजव्यात २० मिनिटांच्या (६० मिनिटं म्हणजे एक अंश) आत फरक, आणि एकूण टो शून्य ते ५ मिनिटं टो-इन, एवढं पुरतं.

मागचा टॉर्शन बीम या बाबतीत साधा आहे. त्याचे हात आडव्या अक्षाभोवती फिरतात, त्यामुळे दोन्ही बाजू सारख्या खाली केल्या तर कॅम्बर आणि टो जवळजवळ आहे तसेच राहतात. मागचा आकडा बिघडलेला दिसला तर लोअरिंगला दोष देऊ नका. बीम कधीतरी फुटपाथला लागून वाकला आहे का ते बघा.

टायर आतून खाल्ला की सगळे कॅम्बरला नाव ठेवतात. सव्वा अंश कॅम्बरने टायर सहजी खात नाही, चुकीच्या टोने खातो. रिमच्या व्यासावर, म्हणजे साधारण ४०० मिमीवर, एका चाकाचा टो फक्त १ मिमी चुकला तरी ते चाक दर किलोमीटरला अडीच मीटर आडवं घासत जातं. पुणे ते कोल्हापूर हे अंतर धरा आणि गुणाकार करा.

एक कायद्याची बाजू. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. काम करण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीत विचारून घ्या, भागांची बिलं जपून ठेवा. हेडलाइटचा झोतही परत लावून घ्या; मागचा भाग पुढच्यापेक्षा जास्त खाली गेला असेल तर झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

हजार किलोमीटर झाले की पुढच्या टायरवर तळहात फिरवा, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. दोन्हीकडे सारखं लागलं तर काम नीट झालं. बाहेरून आत जाताना गुळगुळीत आणि परत येताना दातेरी लागलं तर टो-इन जास्त आहे. उलट लागलं तर टो-आउट. डोळ्याला झीज दिसायच्या कितीतरी आधी ती हाताला कळते, आणि त्या वेळी अलाइनमेंटला नेलं तर टायर वाचतो.