पंखा चांगलाच आहे, दार बघा

नमस्कार मंडळी. विषय न्हाणीतला एक्झॉस्ट फॅन बिघडला तर घरच्या घरी कसं ओळखायचं, हा. पण पंखा उघडायच्या आधी मला दाराबद्दल बोलायचंय, कारण आपल्या बेळगाव-खानापूर भागात निम्म्या तक्रारींत पंख्याला काहीच झालेलं नसतं असं माझं ठाम मत आहे.

आमच्या आक्काचं घर जांबोटीकडं, तिकडचा पाऊस तुम्हाला काय सांगायचा, कणकुंबी तिथनं जवळच, मलप्रभा नदी उगवते ते गाव. आषाढात न्हाणीच्या भिंती काळ्या पडायच्या, टॉवेलला वास, छताला बुरशी. इलेक्ट्रिशियन आला, वर न बघताच म्हणाला पंखा गेलाय. सहा इंची काढून नऊ इंची बसवला, त्यासाठी भिंत फोडली, पैसे घेतले नि गेला. आवाज दुप्पट, वाफ तेवढीच! मी गेलो तेव्हा पातळ कागद जाळीला लावून बघितला, दार उघडं असताना कागद गच्च चिकटला आणि दार लावल्याबरोबर खाली पडला. दार फायबरचं, खाली उंबरा, आणि गोम नि झुरळं येतात म्हणून आक्कानं फटीला रबराची पट्टी मारलेली. आता पंखा हवा बाहेर टाकणार म्हणजे तेवढी हवा आत यायला नको का हो? पट्टी काढून दाराखाली पाऊण इंच फट ठेवली, किड्यांसाठी त्या फटीला जाळी लावली, झालं. जुना सहा इंचीसुद्धा चालला असता, हे मला अजून लागतं, कारण आक्काचे पैसे फुकट गेले आणि त्या माणसानं दोन मिनिटं दार लावून बघितलं असतं तर गेले नसते.

आणि ज्यांच्या न्हाणीत गॅस गीझर आहे त्यांनी नीट ऐका. दार बंद, खिडकी बंद, वर पंखा चालू, की गीझरचा जळका गॅस बाहेर जायच्या ऐवजी आत ओढला जाऊ शकतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, माणूस आंघोळ करताकरता बेशुद्ध पडतो. गीझर न्हाणीच्या बाहेर मोकळ्या हवेत बसवा, फक्त गरम पाण्याची पाइप आत घ्या. पोरं एकटी आंघोळ करतात घरात, यात तडजोड नको.

चिठ्ठी आली वाटतं, वेळ झाली. बरं, मूळ विषय भराभर सांगतो.

अजिबात आवाज नाही: स्विच नि वायरचं जोड बघायचं, वाफेनं हिरवं पडतं. टेस्टर पेटला म्हणजे सगळं ठीक असं नाही, न्यूट्रल, म्हणजे परतीची वायर, तुटली तरी फेजवर, म्हणजे करंट येणाऱ्या वायरवर, तो पेटतोच. फेज नि न्यूट्रल दोन्ही पंख्यापर्यंत ठीक आहेत आणि तरी गप्प, तर वाइंडिंग (मोटारीतली तारेची गुंडाळी) गेलं किंवा आतला थर्मल फ्यूज (मोटार जास्त तापली की तुटणारा).

गुणगुणतोय पण फिरत नाही: मेन बंद करून पातं हातानं फिरवा. जड असेल तर बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती कडी, सुकलाय, धूळ काढा, शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब घाला. हलकं फिरतंय आणि पंख्याला कपॅसिटर (मोटार फिरवायला मदत करणारा लहान डबा) आहे, तर तोच संशयित, त्याच्यावर लिहिलेल्या मायक्रोफॅरडचाच (त्याच्या मापाचाच) नवा घ्यायचा, अंदाजानं मोठा नाही. लहान पंख्यांत बऱ्याचदा कपॅसिटर नसतोच, मग बुशच बघा.

फिरतोय, दार उघडं असूनही कागद चिकटत नाही: बाहेर जाऊन शटर, म्हणजे पंख्याच्या तोंडावरच्या उघडझाप पट्ट्या, बघा. रंगाऱ्यानं ऑइलपेंटनं चिकटवलेलं असतं, नाहीतर पावसाची झड येते म्हणून कुणीतरी प्लास्टिक बांधलेलं असतं आणि ते दिवाळीपर्यंत तसंच. पंखा उलटा बसवलाय का तेही बघा.

ओल्या पायानं स्टूलवर चढायचं नाही, एमसीबी (मेन बोर्डावरचा खटका) पाडल्याशिवाय झाकण काढायचं नाही. आणि आंघोळीनंतर पंधरा-वीस मिनिटं तरी चालू राहू दे. उघडलेला एक पंखा आणलाय, बुश कुठला नि कपॅसिटर कुठला ते टेबलापाशी या, दाखवतो.