पाणी कोण भरणार?

नमस्कार. इथे जमलेल्यांपैकी बऱ्याच जणांच्या मनात एक बेत घोळतोय, हे संयोजकांनी मला आधीच सांगितलं. पाच-सात कुटुंबांनी मिळून कर्जत-मुरबाडकडे जमीन घ्यायची, छपरावर सोलर बसवायचं, पावसाचं पाणी साठवायचं आणि आजी-आजोबा, काका-काकू, पोरंबाळं अशा सगळ्यांनी एकत्र राहायचं. विजेचं कनेक्शन नको, नळाचंही नको. मला हा बेत मनापासून आवडतो. दहा-बारा माणसांच्या घरात मूल जसं वाढतं तसं बंद दाराच्या फ्लॅटमध्ये वाढत नाही, हे शाळेतल्या नोकरीत मी रोज पाहिलंय. म्हणूनच आज मी तुमच्याशी सोलरच्या किमतीबद्दल बोलणार नाही. ते सांगणारे पुष्कळ आहेत. वीज-नळाशिवाय मोठं घर चालवणारी माणसं मुंबईतच पिढ्यान्‌पिढ्या राहत आलीयेत. त्यांचं घर कशावर उभं असतं, ते आधी बघू या.

आरे दूध वसाहत १९४९ साली सुरू झाली. तिथले वारली आणि इतर आदिवासींचे पाडे त्याच्याही आधीचे. आज आरेत असे २७ पाडे मोजले जातात, शिवाय बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातले वेगळे. माझी शाळा गोरेगावच्या कडेला होती. वर्गात पाड्यांवरची मुलं असायची, म्हणून माझंही तिकडे जाणं व्हायचं. टेकडीवर उभं राहिलं की पवईच्या टॉवरचे दिवे दिसायचे, आणि मागे वळलं की घरात रॉकेलची चिमणी मिणमिणत असायची. पुढे काही पाड्यांवर मीटर आले, काहींवर फार उशिरा आले. रॉकेल मिळेनासं झालं तेव्हा दिवाबत्तीचे जे हाल झाले ते वेगळेच.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. या लोकांनी हे जगणं हौसेनं निवडलं नव्हतं. २००६ च्या वनहक्क कायद्यात शाळा, अंगणवाडी, विजेच्या तारा, पाण्याच्या लहान लाइनी यांसाठी एक हेक्टरपर्यंत वनजमीन देता येते. त्यासाठी शिफारस लागते ग्रामसभेची. मुंबईत ग्रामपंचायत नाही, वॉर्ड आहे. पाड्यावरच्या बाईने मग कुणाच्या दारात जायचं? तेव्हा पाड्यांकडे बघून ‘किती साधं, सुंदर जगणं’ असं कृपा करून कुणी म्हणू नका. त्यांच्याकडून शिकण्यासारखं खूप आहे, पण ते कष्टातून आलेलं शिक्षण आहे आणि त्याची किंमत कुणीतरी मोजलेली आहे.

आता पाण्याचा हिशोब करू. वही असेल तर लिहून घ्या. शहरात माणशी १३५ लिटर पाणी धरतात. तुम्ही काटकसर करून ४० लिटरवर आलात असं समजू. एका घरात माणसं दहा धरू. म्हणजे रोजचं ४०० लिटर. पाऊस संपल्यापासून पुन्हा लागेपर्यंत आठ महिने, साधारण २४० दिवस. गुणाकार येतो ९६,००० लिटर. आठ मीटर लांब, सहा मीटर रुंद आणि दोन मीटर खोल असं टाकं काठोकाठ भरलं तर एवढं पाणी मावतं. मुंबईत पावसाळ्यात सरासरी २,२०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. ५० चौरस मीटरच्या छपरावरून त्याचं एक लाख दहा हजार लिटर होतं. पहिलं पाणी सोडून दिलं आणि सांडलवंड वजा केली तर हाती ८८,००० उरतं. कर्जतला पाऊस याहून जास्त, त्यामुळे तिथे गणित जमेल. पण जमेल ते टाकं असेल तरच. आणि अर्ध्या खर्चात प्लास्टिकच्या दोन टाक्या बसवून देतो म्हणणारा भेटला, तर त्याला हा हिशोब दाखवा.

आपल्याच डोंगरात हा हिशोब कुणीतरी दोन हजार वर्षांपूर्वी केलेला आहे. कान्हेरीला गेलात तर मूर्तींइतकंच पोढ्यांकडे, म्हणजे पाण्याच्या टाक्यांकडे लक्ष द्या. शंभराहून जास्त लेणी, त्यातल्या कित्येकांच्या दाराशी खडकात खोदलेलं पाण्याचं टाकं, आणि उतारावरचं पाणी त्या टाक्यात आणणाऱ्या खोदीव पन्हळी. अंगठ्याएवढ्या रुंदीची पन्हळसुद्धा वळण घेऊन बरोबर टाक्याच्या तोंडाशी आलेली दिसते. ही टाकी दान देणाऱ्यांची नावं ब्राह्मी लेखांत कोरलेली आहेत. म्हणजे पाण्याचा खर्च आणि पाण्याची शिस्त ही सगळ्या संघाची बाब होती. एकेकट्या भिक्षूने ते केलं नसतं.

पण भिक्षूंच्या घरात पोरं नव्हती. तुमच्या घरात असणार आहेत.

टाकं झालं, तरी ते पाणी मोरीपर्यंत आपोआप येत नाही. पंप आहे असं तुम्ही म्हणाल. पंप कधी ना कधी बंद पडणार, आणि जुलैच्या झाकोळात बॅटरी संध्याकाळीच मान टाकणार. एक किलोवॉटचं पॅनेल लख्ख उन्हात दिवसाला चार युनिटच्या आसपास वीज देतं. ढग भरून आले की त्याच्या निम्म्यानेही मिळत नाही. त्या दिवशी ४०० लिटर म्हणजे पंधरा लिटरचे सत्तावीस हंडे. भरल्या हंड्याचं वजन पंधरा किलोच्या वर. ते कोण आणणार? तुमच्या पाच-सात कुटुंबांच्या बैठकांमध्ये हा प्रश्न कुणी विचारला आहे का, हे मला खरंच जाणून घ्यायचं आहे. कारण पाड्यावर त्याचं उत्तर ठरलेलं होतं. पाणी बाई आणणार, आणि बाई कामाला गेली की थोरली मुलगी आणणार.

माझ्या वर्गात एक मुलगी होती. नाव नको. रोज दुसऱ्या तासाला यायची, आणि यायची ती कडेवर धाकट्या भावाला घेऊन. पाणी, चूल, भावाची आंघोळ आटपून येते, असं तिने सांगितलं होतं. घरात आई-बाप, आजी, दोन काका, एक काकू, सात-आठ भावंडं-चुलतभावंडं. सगळी एकमेकांना धरून होती. एका काकाचा हात मोडला तर दुसऱ्या दिवशी त्याच्या वाटणीचं काम कुणी करायचं हे विचारावं लागत नव्हतं. भात लावणीच्या दिवसांत आवणाला शेजारची घरं सावडीने यायची. आज तुझ्या खाचरात, उद्या माझ्या. मोठ्या घराचं बळ हे असं असतं. आणि ते सगळं घर उभं होतं त्या मुलीच्या खांद्यावर, तिच्या बुडालेल्या पहिल्या तासावर. दोन्ही गोष्टी एकाच घरातल्या आहेत.

या प्रश्नावर महाराष्ट्रात एका बाईने उत्तर शोधलं होतं. ताराबाई मोडक. जन्म मुंबईचा, १८९२ चा. दादरच्या हिंदू कॉलनीतलं शिशुविहार त्यांचंच. पण १९४५ साली त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, आणि १९५७ मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर, वारल्यांच्या वस्तीत नेलं. बरोबर अनुताई वाघ होत्या. मुलं शाळेत का येत नाहीत, तर ती गुरं राखतात आणि भावंडं सांभाळतात. मग बालवाडी भरली अंगणात, त्यांच्याच घरासमोर. गुरं चारणाऱ्यांसाठी शाळा कुरणात गेली, तिला कुरणशाळा म्हणत. आणि विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच छताखाली आली. थोरली बहीण शिकते तेव्हा धाकटं पलीकडच्या खोलीत पाळण्यात असतं. मला हे आजही थोर वाटतं. मोठं कुटुंब मोडून टाका असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि मुलगी घरकामातच राहू दे असंही म्हणाल्या नाहीत. कामाची वाटणी बदलली, कामाची जागा बदलली. तुम्ही जमिनीवर पहिली भिंत बांधाल तेव्हा पाळणाघराची बांधा. बैठकीची खोली नंतर होईल.

आता चांगलं तेही सांगते, कारण तेही खरं आहे. पहिला पाऊस पडला की शेवळं ही रानभाजी उगवते. पाड्यावर त्या दिवशी अंगण भरलेलं असे. शेवळाच्या आतला पिवळा भाग घशाला खाजतो, तो काढावा लागतो. उरलेलं चिरायचं आणि त्यात काकडं, म्हणजे काकड झाडाची आंबट फळं घालायची, म्हणजे खाज मरते. आजी निवडायला बसली की पाच-सहा पोरं भोवती बसायची. कुणाच्या हातून पिवळा तुकडा राहिला की आजी तो उचलून त्याच्याच हातावर ठेवायची, बोलायची काही नाही. मग टाकळा, कुरडू, भारंगी, कंटोळी. कुठली कधी, कुठल्या बांधावर, किती खुडायची आणि किती ठेवायची. चौथीतल्या पोराला तीस वनस्पतींची ओळख असे, आणि परिसर अभ्यासाच्या पेपरात त्याला दहापैकी तीन मार्क. याची मला फार चीड यायची. ती भाजी घेऊन त्यांच्या आया पहाटे गोरेगाव स्टेशनबाहेर बसत. घराला रोख पैसा त्यातूनच मिळे.

रात्रीचं काय, असं तुम्ही विचाराल. राष्ट्रीय उद्यान आणि लगतच्या भागात २०१८ च्या कॅमेरा-गणनेत ४७ बिबटे दिसले. पाड्यांवर वाघोबाला मानतात, वाघबारशीला त्याची पूजा होते. आणि पूजेबरोबर नियमही असतात. अंधारात मूल एकटं बाहेर जात नाही, परसाकडे जाताना दोघं-तिघं मिळून जातात, मोठं कुणी सोबत असतं. तरीही २०२१ आणि २०२२ मध्ये आरेत हल्ले झाले, एक लहान मूल गेलं. वीज नसण्याचा अर्थ त्या आईला विचारा. अंगणातला एक दिवा ही तिथे चैन नसते.

घारापुरी बेटाचं उदाहरण थोडक्यात. गेटवेहून बोटीने तासाभरावर. राजबंदर, शेतबंदर, मोराबंदर अशी तीन गावं, सगळे एकमेकांना ओळखणारे. २२ फेब्रुवारी २०१८ पर्यंत तिथे संध्याकाळी काही तास जनरेटर चाले, एवढीच वीज. मग समुद्रतळातून साडेसात किलोमीटरची केबल आली. गाव त्याने विस्कटलं नाही. माणसं एकमेकांना धरून राहतात ती विजेच्या अभावामुळे, असं ज्यांना वाटतं त्यांनी तिथे जाऊन बघावं. म्हणून तुम्हाला वीज घ्यावीशी वाटली तर खुशाल घ्या. त्यात तुमचा बेत फसला असं काही नाही.

वायरी तोडल्या की आपण स्वतंत्र होतो, असं बोललं जातं. मी उलटं पाहिलंय. शहरात मला शेजाऱ्याची गरज पडत नाही, कारण नळाला पाणी असतं. पाड्यावर शेजारणीशी भांडण झालं तर दुसऱ्या दिवशी विहिरीवर दोर कोण धरणार, हा प्रश्न असतो. त्यामुळे भांडणं तिथे मिटवावीच लागतात, आणि कधी कधी अन्यायही गिळावा लागतो. नवीन सून आहे, घरात काही खुपतंय, पण बोलली तर सगळ्या पाड्याला कळणार. अशा गप्प बसलेल्या बायका मी पाहिल्यात. तुमच्या सात कुटुंबांत जिला बोलता येत नाही तिच्यासाठी बाहेरचं एक माणूस आधीच ठरवून ठेवा, आणि तिच्या नावावर बँकेत वेगळे पैसे असू देत. हे मी अगदी गंभीरपणे सांगतेय.

शेवटी जमिनीचं. जो शेतकरी नाही त्याला महाराष्ट्रात परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, हे एव्हाना तुमच्या वकिलाने सांगितलं असेल. दुसरी गोष्ट तो कदाचित सांगणार नाही. मुरबाड-कर्जतकडे तुम्हाला स्वस्तात दाखवतील ती जमीन आदिवासी खातेदाराची असू शकते. जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६अ प्रमाणे ती सरकारी परवानगीशिवाय बिगरआदिवासीला विकता येत नाही. एजंट म्हणेल, कुणाच्या तरी नावावर ठेवू, कुलमुखत्यारपत्र करू, भाडेपट्टा करू. नाही म्हणा आणि उठा. ज्यांच्याकडून शेवळं ओळखायला शिकायचं, त्यांचीच जमीन घेऊन त्यावर आपलं एकत्र कुटुंब वसवायचं नाही. सातबारा स्वतः काढा, इतर हक्कांचा रकाना वाचा, जुने फेरफार मागवा. आणि जमीन नीट निघाली तरी लगेच इसार देऊ नका. जून ते सप्टेंबर त्याच गावात भाड्याने राहा, सगळ्या मुलाबाळांसकट, आणि त्या चार महिन्यांत पाणी पुरुषांनी भरा.